किल्ली अक्काताईकडे

लॉजचा भाव रात्रीला अठराशे.
ह्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर गुणाकार केला,
सात रात्री, खाली रेघ,
आणि पेन्सिल कानावर अडकवून म्हणाले,
एवढ्यात वरचा पत्रा बदलून होतो.

म्हणून मग हे असं.
म्हैसूरची नागरत्ना, तिचा नवरा, दोन मुलं
आमच्या वडगावच्या घरात,
आम्ही त्यांच्या सरस्वतीपुरमात.
त्यांना सौंदत्तीला जायचं होतं, गोकाकचा धबधबा बघायचा होता,
आम्हाला राजवाड्यावरचे दिवे.
पैशाची देवघेव नाही,
ओळखही नाही. फोनवर आले-गेले दोन फोटो,
एक त्यांच्या गॅसचा, एक आमच्या मोरीचा.

सूचनांचा कागद मी मराठीत लिहिला,
वरच्या गल्लीतल्या पोरीनं कन्नडात उतरवला.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, पहाटे.
दार उघडताना थोडं वर उचलायचं.
शेजारचे माग रात्री साडेअकराला थांबतात,
भिऊ नये.
लिहून झाल्यावर बघितलं,
तीस वर्षं राहते मी ह्या घरात
आणि सगळं मिळून पाऊण पान.

निघायच्या आदल्या रात्री
हे सोप्यात उभे, मान वर करून.
मामंजींचा फोटो.
सीमा सत्याग्रहातून सुटून आले तो दिवस,
दाढी वाढलेली, गळ्यात हार,
खाली साल लिहिलेलं, घोषणा लिहिलेली.
"काढू काय?"
मी म्हटलं, वडील तुमचे, तुमचं तुम्ही बघा.
थोड्या वेळानं स्टूल ओढल्याचा आवाज आला.
फोटो कपाटावर, पालथा, वर जुनी चादर.
भिंतीवर नुसता चौकोन राहिला,
बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा.

म्हैसूरचं काय सांगू. दिवे बघितले.
झोप मात्र लागेना.
इतकं शांत, की फ्रिज थांबला तरी जाग यायची.
तिसऱ्या दिवशी, खोटं कशाला बोलू,
तिचं कपाट उघडलं.
इस्त्रीच्या साड्या, डांबरगोळ्या,
एका साडीचा फॉल हातभर सुटलेला.
माझा धंदाच तो.
सुई शोधायला तिचे तीन डबे उपसले,
टाके घातले, घडी होती तशी ठेवली,
आणि मग दिवसभर धास्ती,
होती तशीच होती का?

परत आलो.
किल्ली अक्काताईकडे. तिनं ती लगेच दिली नाही.
"काय गे, त्यांस्नी इतक्यात कशाला जाऊ दिलीस?
बरी होती की माणसं.
पाणी आलं तर माझी पण पिंपं भरून दिली त्यानं."
वीस वर्षांत एवढी वाक्यं
एका दमात ती माझ्याशी बोलली नव्हती.

सवयीनं दार वर उचललं.
उचलायची गरज नव्हती.
बिजागरीला नवा स्क्रू.
दार माझ्याच हातात दचकलं.

आत, सोप्यात,
मामंजी.
आपल्या खिळ्यावर. काच पुसलेली.

हातातली पिशवी खाली न ठेवताच हे म्हणाले,
"पडला असं वाटलं असेल त्यांना."
चादरीखाली? मी मनात म्हटलं.
"खालचं वाचता आलं नसेल."
तिची मुलं हिंदी शिकतात शाळेत,
अक्षर तेच.
हेही मनातच.

रात्री हिशेब.
वाचले बारा हजार सहाशे,
वजा तिकिटं, वजा म्हैसूरपाक,
वजा एक स्क्रू, लिहू की नको,
पेन्सिल तिथं अडली.
शेजारचे माग थांबले. साडेअकरा.

फोटो थोडा डावीकडे कललाय.
महिना होत आला.
स्टूल तिथंच आहे, भिंतीला टेकून.